२२ पैकी १२ : ब्रिटनच्या सरकारी वकीलभरतीची एक केस

८६० पौंड म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण पाऊण लाख रुपये. ऑटिझम असलेल्या एका उमेदवाराला ब्रिटनच्या सरकारी वकीलखात्यानं एवढी भरपाई द्यावी असं ट्रिब्युनलनं (नोकरीचे वाद ऐकणाऱ्या तिथल्या कोर्टानं) सांगितलं, खातं अपिलात गेलं आणि तिथंही हरलं. एवढ्याशा रकमेसाठी एवढं रामायण कशाला असं कुणालाही वाटेल, पण भरपाईच्या जोडीला अजून दोन गोष्टी होत्या, एक लेखी माफी मागा आणि दोन, अपंग उमेदवारांच्या बाबतीत तुमची टेस्ट घ्यायची पद्धत जरा लवचिक करता येते का ते परत तपासा. खातं पैशांसाठी नाही तर या दुसऱ्या गोष्टीसाठी भांडलं असावं असं माझं मत आहे, कारण ती मान्य केली की भरतीची सगळी मशीन उघडून बघावी लागते.

केसचं नाव गव्हर्नमेंट लीगल सर्व्हिस विरुद्ध ब्रुक्स, अपिलाचा निकाल २८ मार्च २०१७ चा. न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ऑटिझमसारख्या कारणानं डोकं वेगळ्या पद्धतीनं चालणाऱ्या लोकांना ऑफिसात सपोर्ट कसा करायचा यावर आपल्याकडे आता बरंच बोललं जातं, शांत खोली द्या, हेडफोन चालू द्या, लेखी सूचना द्या, हे सगळं बरोबरच आहे, पण त्यातलं बहुतेक सगळं माणूस आत आल्यानंतरचं असतं. ही केस दाराची आहे. माणूस आत यायच्या आधीच चाळणीतून गळाला तर पुढची शांत खोली कुणासाठी?

झालं असं. गव्हर्नमेंट लीगल सर्व्हिस म्हणजे ब्रिटिश सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या वकिलांची फौज. तिथं ट्रेनी म्हणून शिरायला प्रचंड स्पर्धा, अर्ज भरमसाट आणि जागा मोजक्या. त्यामुळे गाळणी ऑनलाइन, एकामागोमाग एक टप्पे, आणि पहिलाच टप्पा म्हणजे सिच्युएशनल जजमेंट टेस्ट. मल्टिपल चॉईस, कॉम्प्युटर तपासणार, कटऑफच्या खाली गेलात की तिथंच गाडी थांबली, पुढचं काही बघितलंच जात नाही.

अर्जदार बाईंना अ‍ॅस्पर्गरचं निदान झालेलं होतं (आता वैद्यकीय वर्गीकरणात ते वेगळं धरत नाहीत, ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच येतं, पण निकालात तोच शब्द आहे). कायद्याची पदवी त्यांनी घेतली होती, तीही कॉलेजनं काही सोयी करून दिल्यावर. २०१५ च्या उन्हाळ्यात या भरतीचा अर्ज करायचं ठरवल्यावर त्यांनी टेस्ट द्यायच्या आधीच खात्याला कळवलं की मला हे हे आहे, मल्टिपल चॉईसमधून पर्याय निवडणं मला अवघड जातं, तर त्याऐवजी त्याच प्रश्नांना मी थोडक्यात दोन-चार ओळींत लिहून उत्तरं देऊ शकते का.

हे नीट बघा. प्रश्न बदला असं त्या म्हणाल्या नाहीत, कटऑफ खाली आणा असंही नाही, टेस्टच माफ करा असंही नाही. प्रश्न तेच, परिस्थिती तीच, फक्त उत्तर टिकमार्कऐवजी वाक्यात.

खात्याचं उत्तर आलं की दुसऱ्या स्वरूपातली टेस्ट उपलब्ध नाही. पुढच्या टप्प्यांत जादा वेळ मिळू शकतो, पण त्यासाठी आधी ही टेस्ट पास व्हावी लागेल. म्हणजे मदत आहे, पण ज्या पायरीवर अडलंय ती सोडून वरच्या पायरीवर.

बाईंनी मग आहे तशीच टेस्ट दिली. २२ पैकी १२ मार्क पडले. पास व्हायला १४ लागत होते. दोन मार्कांनी गेलं.

अशी टेस्ट म्हणजे नेमकं काय ते ज्यांनी दिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी केस इथंच अडकलेली आहे. कामाच्या ठिकाणची एक परिस्थिती देतात आणि तीन-चार पर्याय, त्यातला सगळ्यात योग्य कुठला आणि कधीकधी सगळ्यात अयोग्य कुठला ते निवडायचं. खऱ्या टेस्टमधला नाही, मीच आत्ता रचलेला एक नमुना घ्या: तुमचा एक सहकारी दोन आठवड्यांपासून फाइली उशिरा देतोय, उद्या वरिष्ठांकडे एक नोट जायची आहे आणि त्याचा भाग अजून आलेला नाही. तुम्ही काय कराल? अ, त्याच्याशी एकट्यात बोलाल. ब, साहेबांच्या कानावर घालाल. क, त्याचं काम स्वतः करून टाकाल. ड, टीमची मीटिंग बोलवाल.

बहुतेक जण हा प्रश्न वाचताना खरं तर परीक्षकाचं मन वाचत असतात. "यांना अ हवं असणार, आधी माणसाशी बोला, मग वर जा, पुस्तकात असंच असतं." त्या सहकाऱ्याचा, त्या नोटचा, त्या साहेबांचा विचार फारसा कुणी करत नाही, एक साचा डोक्यात असतो, त्यात पटकन बसवायचं आणि पुढे.

आता ज्याचं डोकं शब्द जसे लिहिलेत तसेच घेतं त्याचं काय होतं बघा. नोट उद्या किती वाजता हवी आहे? सकाळी नऊला की संध्याकाळी पाचला, कारण नऊला हवी असेल तर एकट्यात बोलून काय उपयोग, रात्रीत कोण लिहिणार? दोन आठवड्यांत साहेबांना हे आधीच माहीत झालंय का? माझ्याकडे त्याच्या भागाची माहिती आहे का, नसेल तर क शक्यच नाही. बोलाल म्हणजे काय बोलाल, विचारपूस की ताकीद? चारही पर्याय कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत बरोबर आणि कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत चूक, आणि पर्याय निवडायला लागणारी माहिती प्रश्नात नाही. ती तुम्ही मनानं भरायची असते. सगळे लोक भरतात आणि आपण भरली हे त्यांना कळतही नाही. अर्जदार बाईंच्या बाजूनं मांडलेला मुद्दा साधारण हाच होता, की न घडलेल्या परिस्थितीत स्वतःला कल्पून, समोरच्याला काय अपेक्षित असेल ते ताडून एकच खूण करणं हे अ‍ॅस्पर्गर असलेल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त जड जातं.

त्याच माणसाला तीन ओळी लिहू द्या. "नोट सकाळी हवी असेल तर आत्ताच साहेबांना कळवीन की हा भाग अडकलाय, त्याला विचारीन की किती झालंय आणि उरलेलं वाटून घेऊ, उशीर का होतोय ते नोट गेल्यावर बोलू. संध्याकाळी हवी असेल तर आधी त्याच्याशी बोलेन." हे उत्तर वाचून कुणी म्हणेल का की याला निर्णय घेता येत नाही? उलट अ वर टिक मारून पुढे गेलेल्यापेक्षा यानं जास्त निर्णय घेतले.

अर्थात हे सगळ्या ऑटिस्टिक लोकांना लागू होतं असं अजिबात नाही आणि निकालातून कुणी तसा नियम काढू नये. असे कितीतरी जण असतात ज्यांना मल्टिपल चॉईस आवडतो कारण चौकट स्पष्ट असते, आणि "स्वतःबद्दल थोडक्यात लिहा" असं म्हटलं की हात गोठतो. टेस्टचं एक स्वरूप काढून सगळ्यांना दुसरं लावलं तर फक्त गळणारी माणसं बदलतील. मुद्दा हा की या उमेदवारानं स्वतः, आधी आणि स्पष्ट सांगितलं होतं की मला कुठं अडतं आणि काय केलं तर चालेल.

२०१५ च्या ऑगस्टमध्येच बाई ट्रिब्युनलमध्ये गेल्या. ब्रिटनच्या इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० खाली तीन वेगवेगळ्या तक्रारी केल्या. एक, अप्रत्यक्ष भेदभाव, म्हणजे नियम सगळ्यांना सारखाच पण त्याचा फटका एका गटाला जास्त. दोन, रिझनेबल अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे अपंगत्वामुळे येणारी अडचण कमी करणारा वाजवी बदल, करायचं कर्तव्य पाळलं नाही. तीन, अपंगत्वातून उद्भवणाऱ्या गोष्टीमुळे वाईट वागणूक, म्हणजे अपंगत्वामुळे दोन मार्क गेले आणि मार्क गेले म्हणून बाहेर काढलं. तिन्हींवर बाई जिंकल्या.

खात्याचा बचाव मात्र एकदम टाकाऊ नव्हता, तो नीट ऐकायला हवा, कारण आपल्याकडचा कुठलाही एचआर मॅनेजर अगदी तेच बोलेल. एक तर ते म्हणाले की प्रभावी निर्णय घेता येणं ही या नोकरीतली मूलभूत गरज आहे आणि तीच आम्ही तपासतोय. बरोबर, आणि ट्रिब्युनलनंही मान्य केलं की हा हेतू रास्तच आहे. दुसरं, टेस्ट तज्ज्ञांनी बनवलेली आहे, कॉम्प्युटर तपासतो त्यामुळे सगळ्यांना एकच माप, माणसानं वाचून मार्क द्यायचे म्हटलं की तपासणाऱ्याचं मत आलं, वेळ आला, खर्च आला, आणि एवढ्या अर्जांत ते जमायचं कसं.

ट्रिब्युनल म्हणालं, निर्णयक्षमता तपासायची तर तपासा, पण मल्टिपल चॉईस हा त्याचा एकमेव मार्ग नाही, आणि ज्या उमेदवाराला हे स्वरूपच आडवं येतंय तिच्यासाठी वेगळा मार्ग ठेवणं तुम्हाला जमण्यासारखं होतं. हेतू बरोबर, साधन प्रमाणाबाहेर.

मला या केसमधला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तुम्हाला नक्की काय मोजायचंय आणि मोजायच्या सोयीसाठी त्यात काय मिसळलंय, हे दोन वेगळे करून दाखवा असा हा प्रश्न आहे आणि तो कुठल्याही कामाला लावता येतो. निर्णयक्षमता हवी आहे, टिकमार्कक्षमता नको आहे, नोकरी लागल्यावर कुठलाही सरकारी वकील आपला सल्ला अ ब क ड मध्ये देत नाही, तो लिहूनच देतो. म्हणजे बाईंनी मागितलेलं स्वरूप हे उलट खऱ्या कामाच्या जास्त जवळचं होतं. आणि भरमसाट अर्जांचा मुद्दा घ्या, तर सगळ्यांचे पेपर हातानं तपासा असं कोण म्हणालं होतं? जे कारण देऊन मागतील त्यांचे. ते किती निघाले असते?

आता पुराव्याचा भाग, जिथं खात्यानं अपिलात बराच जोर लावला. वैद्यकीय अहवाल ठाम नव्हता. म्हणजे या व्यक्तीला मल्टिपल चॉईसमुळेच त्रास होतो असं कुठल्या डॉक्टरनं छातीठोकपणे लिहून दिलेलं नव्हतं. ऑटिझमच्या बाबतीत असं लिहून मिळणं तसंही अवघड असतं, निदानाच्या कागदावर निदान असतं, "अमुक पोर्टलवरची तमुक टेस्ट जमणार नाही" असं नसतं. मग ट्रिब्युनलनं काय केलं तर साधा विचार केला: सोयी मिळाल्यावर कायद्याची पदवी मिळवू शकलेली एक व्यक्ती या टेस्टमध्ये कटऑफच्या अगदी जवळ येऊन थोडक्यात राहते, का? एका बाजूला एक पटण्यासारखं कारण आहे, अ‍ॅस्पर्गर आणि मल्टिपल चॉईसमुळे आलेली जादाची अडचण. दुसऱ्या बाजूला दुसरं कुठलंच कारण कुणी पुढं आणलेलं नाही. मग पहिलं कारण धरायला हरकत काय? अपिलातल्या न्यायाधीशांनी, मिस्टर जस्टिस केर यांनी, हा तर्क ग्राह्य धरला आणि तिन्ही मुद्द्यांवर खालचा निकाल कायम ठेवला.

याला वकील मंडळी काय म्हणायचं ते म्हणोत, पण कामाच्या ठिकाणी याचा अर्थ फार सोपा आहे. कागद मागा, जरूर मागा, पण कागदात नेमकी तुमच्या टेस्टची ओळ सापडत नाही म्हणून दार लावू नका. बहुतेक एचआरच्या डोक्यात सर्टिफिकेट म्हणजे कुलपाची किल्ली असते, असेल तर उघडेल आणि नसेल तर नाही. इथं कोर्टानं माणसाचा आधीचा रेकॉर्ड, त्याचं स्वतःचं म्हणणं आणि मार्कांचा आकडा असं सगळं एकत्र ठेवून बघितलं.

या केसमध्ये काय झालं नाही तेही सांगायला हवं, नाहीतर हा विजयोत्सव वाटेल. या निकालानं बाईंना नोकरी मिळाली नाही, निकाल नोकरी द्या असं म्हणालाच नाही. लेखी उत्तरं दिली असती तर १४ च्या वर गेल्या असत्या का, हे कधीच कळणार नाही, कारण ती टेस्ट झालीच नाही. २०१५ ला अर्ज, २०१७ ला अपिलाचा निकाल, तोवर त्या वर्षीची बॅच ट्रेनिंगच्या किती पुढं गेली असेल. आणि केस लढवायला मुळात कायदा कळावा लागतो. इथं अर्जदार कायद्याच्याच पदवीधर होत्या आणि समोरचे देशाला कायदा सांगणारे लोक, तरी ही परिस्थिती. गोदामात पॅकिंगच्या कामाला अर्ज करणाऱ्या, अशाच ऑनलाइन टेस्टमध्ये गळणाऱ्या माणसानं काय करायचं?

ब्रिटनमधलीच नंतरची अजून एक केस याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ बसवणं जड जातं ती अवस्था) असलेल्या एका माणसानं एका मोठ्या इंजिनीअरिंग कंपनीला कळवलं की तुमचा ऑनलाइन फॉर्म मला भरता येत नाही, तोंडी अर्ज घ्या. कंपनीच्या एचआरनं ईमेलवर विचारलं की नेमका कुठला भाग अडतो ते लिहून कळवा. परत विचारलं, परत ईमेलवरच. ज्या माणसाची तक्रार अशी की मला लिहून कळवणं जड जातं, त्याला लिहून कळवा म्हणणं यात आपण काही वावगं करतोय हे बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नाही. ट्रिब्युनल म्हणालं की अशा वेळी फोन उचलून विचारायला हवं होतं, आणि २०२३ च्या अपिलातही हा मुद्दा टिकला. त्या अर्जदाराबद्दलचे दुसरे काही प्रश्न त्या केसमध्ये होते, ते इथं काढत नाही, पण फोनचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे कारण त्याला खर्च शून्य.

आता आपल्याकडे. योगायोग असा की ब्रुक्स केसचा निकाल लागल्यावर तीनच आठवड्यांनी, १९ एप्रिल २०१७ ला, भारतात दिव्यांग हक्कांचा नवा कायदा, २०१६ चा, लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, यादी सातच प्रकारांची होती. नव्या यादीत एकवीस प्रकार आहेत आणि त्यात ऑटिझम स्पेक्ट्रम आहे, डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया, डिस्कॅल्क्युलिया, डिस्प्रॅक्सिया हे लर्निंग डिसॅबिलिटीत, म्हणजे शिकण्याशी निगडित अडचणींत, येतात. एडीएचडी (लक्ष एका जागी ठरत नाही ती अवस्था) मात्र स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे ते असलेल्या मंडळींची आपल्याकडे मोठी पंचाईत होते. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आणि त्यात ऑटिझमचा वाटाही आहे, पण ते ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असलेल्यांना.

खासगी कंपन्यांचं काय, तर तिथं आरक्षण नाही, पण रिझनेबल अकोमोडेशन, म्हणजे गरजेप्रमाणे वाजवी सोय, नाकारणं हा भेदभावाचाच प्रकार आहे असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक खासगी आस्थापनेला समान संधी धोरण बनवून जाहीर करावं लागतं, त्यात भरती कशी करणार तेही लिहावं लागतं आणि एक लायझन ऑफिसर, म्हणजे दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा माणूस, नेमावा लागतो. आता तुम्ही ज्या ऑफिसात काम करता तिथला लायझन ऑफिसर कोण ते माहितीय का? मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारून बघितलाय, उत्तर म्हणून बहुतेक वेळा माझ्याकडेच बघतात.

ब्रुक्स केसचं आपलं भावंड शोधायचं तर ते सुप्रीम कोर्टात सापडतं, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, निकाल ११ फेब्रुवारी २०२१. अर्जदार एमबीबीएस झालेले, लिहिताना हात आखडतो अशी अवस्था, रायटर्स क्रॅम्प म्हणतात त्याला, आणि सिव्हिल सर्व्हिसेसच्या परीक्षेला त्यांनी लेखनिक मागितला. नाही मिळाला, कारण ते ४० टक्क्यांच्या बेंचमार्कमध्ये बसत नव्हते. कोर्ट म्हणालं की लेखनिक मिळण्यासाठी बेंचमार्क ही अटच असू शकत नाही, अडचण आहे की नाही ते बघा, आणि काय सोय लागेल ते त्या माणसाशी बोलून ठरवा. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ४० टक्क्यांच्या खालच्यांसाठीही लेखनिकाची आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांगलंच झालं. पण लक्षात घ्या, आपलं सगळं गणित अजून लेखनिक आणि जादा वेळ या दोन गोष्टींभोवती फिरतं, आणि ब्रुक्स केसमधल्या उमेदवाराला या दोन्हींचा काडीचा उपयोग झाला नसता. तिला तासभर जास्त दिला असता तरी प्रश्नातली गाळलेली माहिती उगवली नसती. जादा वेळ ही वेगाची सोय आहे, इथं अडचण स्वरूपाची होती.

पुण्यात, नाशिकमध्ये, नागपुरात कॉलेजांत जे कॅम्पस ड्राइव्ह होतात त्यात पहिली फेरी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड असते, बऱ्याचदा बाहेरच्या एजन्सीच्या पोर्टलवर, आणि काही कंपन्या त्याला वागणुकीचे, व्यक्तिमत्त्वाचे प्रश्न जोडतात, "मला पार्टीत नवीन लोकांशी बोलायला आवडतं, पूर्ण सहमत, थोडा सहमत" वगैरे. डेटाबेसच्या कामाला घेताय आणि पार्टीचं विचारताय, हे एक वेगळंच. कुणी सोय मागितली की उत्तर ठरलेलं, सिस्टीम अलाव करत नाही. पोर्टल बाहेरच्या एजन्सीचं आहे म्हणून आमच्या हातात नाही हेही ठरलेलं, पण एजन्सी कंपनीनं नेमलेली असते आणि उमेदवार नोकरी कंपनीकडे मागतोय.

आणि मुळात मागतं कोण? आपल्याकडे घरचेच सांगतात, आधी कशाला बोलतोस, एकदा जॉइन हो मग बघू. प्लेसमेंट सेलचे सरही तेच सांगतात, तुझं नाव मागे पडेल रे. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही, कारण सांगून नुकसान झालेली उदाहरणं त्यांनी बघितलेली असतात आणि सांगून फायदा झाल्याचं कुणाला आठवत नाही. ब्रुक्स केसमधल्या बाईंनी आधी सांगितलं म्हणून तर त्यांची केस उभी राहिली, टेस्टनंतर सांगितलं असतं तर आम्हाला माहीतच नव्हतं म्हणायची सोय खात्याला मिळाली असती. पण आधी सांगायचं तर ऐकणारं कुणीतरी लागतं, म्हणून सुरुवात कंपनीनंच करावी लागते. फॉर्मवर "तुम्हाला अपंगत्व आहे का, हो किंवा नाही" एवढंच विचारलं तर पोरं नाहीवरच टिक करणार. त्याऐवजी सगळ्यांनाच विचारा, निदान काय आहे ते न विचारता, की या टेस्टचं स्वरूप तुमच्या आड येतंय का आणि कसं केलं तर तुमचं खरं काम दिसेल.

त्याच्या जोडीला टेस्ट कशी आहे तेही आधी सांगा, किती प्रश्न, कसले, मागे जाता येतं का, एक नमुना प्रश्न. याचा उपयोग सगळ्यांनाच होतो आणि ज्याला अडणार आहे त्याला आधी कळतं की अडणार आहे. आणि कुणी लेखी उत्तरं मागितलीच तर तपासायचं कसं हा प्रश्न खरा आहे, तो झटकू नये. प्रत्येक प्रश्नाला उत्तरात काय काय दिसायला हवं ते आधीच तीन-चार मुद्द्यांत लिहून ठेवायचं, दोघांनी वेगवेगळं तपासायचं, फरक पडला तर बसून बोलायचं. बोर्डाच्या पेपरला मॉडेल आन्सर असतंच की. ज्यांनी टेस्ट बनवली त्यांना अ बरोबर का ते माहीत असणारच, तेच कारण उमेदवाराच्या वाक्यात आहे का ते बघायचं. आणि टेस्ट बनवणाऱ्यालाच ते कारण सांगता येत नसेल तर तो प्रश्न काढून टाकलेलाच बरा.

खात्यानं २०१५ मध्ये जे उत्तर दिलं त्याच्या जागी काय लिहिता आलं असतं, ते साधारण असं: "तुमचा मेल मिळाला. लेखी उत्तराची टेस्ट आमच्याकडे तयार नाही, पण तुम्ही म्हणता तसं करता येईल का ते बघतोय. या टेस्टमधून आम्हाला तुम्ही निर्णय कसे घेता ते बघायचंय, टिक कशी करता ते नाही. याआधी कॉलेजात किंवा दुसरीकडे तुम्हाला कुठली सोय मिळाली होती आणि तिचा उपयोग झाला का ते कळवाल का? लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं असेल तर फोन करतो, वेळ सांगा. तोपर्यंत तुमची टेस्टची तारीख पुढं ठेवली आहे." खाली माणसाचं नाव आणि थेट नंबर, आणि मेल "या पत्त्यावर उत्तर देऊ नये" वाल्या आयडीवरून न पाठवता.